रिसबूडकाकांचं अस्वल

गुरुवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली की ती रिसबूडकाकांचीच. दार उघडलं की माणूस दिसायच्या आधी ग्लास दिसतो. उंच, काचेचा, वर बशी झाकलेली. "कशा आहात", "सुहास आला का ऑफिसातून" वगैरे काही नाही. बशी बाजूला होते आणि ग्लास थेट माझ्या नाकाखाली.

"वहिनी, आधी वास."

वयाने ते काका, आणि मला म्हणतात वहिनी. हे नातं कसं बसतं ते विचारू नका, मस्कतमध्ये असंच असतं. तर वास घ्यायचा. मग ते खिशातून मोबाइल काढतात, टॉर्च लावतात आणि ग्लासाच्या मागे धरतात. आत पिवळसर, दाट, पातळ पिठल्यासारखं दिसणारं काहीतरी असतं. उजेड आरपार आला की काकांचा चेहरा पडतो.

"दिसतंय! पलीकडचं बोट दिसतंय. फेल."

आणि "बसा ना काका, चहा टाकते" म्हणेपर्यंत स्वारी समोरच्या फ्लॅटमध्ये गडप. पाच मिनिटांनी बेसिनमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज येतो.

आता यातली गंमत सांगते. हा माणूस पेशानं केमिस्ट. समुद्राचं पाणी गोड करण्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये. अख्खी हयात गेली ओमानमध्ये पाणी नितळ करण्यात. नळाच्या पाण्यात कणभर गढूळपणा दिसला तर यांना जेवण जात नसे. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना पाण्याचा ग्लास उजेडात धरून म्हणाले होते, "वहिनी, टाकी धुवून घ्या." पाहुण्यांच्या देखत! असा माणूस उतारवयात दर आठवड्याला चांगलं स्वच्छ पाणी घेतो आणि ते गढूळ करायला जिवाचं रान करतो. आणि गढूळ झालं नाही म्हणून हळहळतो.

ते बीअर करतात. दचकू नका. घरी दारू करणं इथे चालत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, आणि रिसबूडकाका तर रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल सिग्नलला उभे राहणारे. त्यांची बीअर म्हणजे बिनदारूची बीअर. त्यात थेंबभरही चढणारं काही नाही. "शून्य म्हणजे शून्य!" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या कुकरची शिट्टीही मला तशीच ऐकू येते.

"अहो, पण मग प्यायची कशाला?" सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा विचारलं. "मुंज लावायची आणि मुलगाच नाही, असं झालं हे."

"चव," काका म्हणाले. "चव यायला पाहिजे. बाकी सगळं शून्य. कायदा आहे."

कायद्याचं नाव निघालं की सुहास गप्प बसतो. तो कुरुमच्या एका ऑफिसात कायद्याचेच कागद बघतो.

या सगळ्याचं मूळ काकांच्या शोकेसमध्ये आहे. तिथे रिसबूडकाकूंच्या पितळी समया, एक ओमानी धूपदान, शाळेतल्या कुठल्याशा स्पर्धेचा केदारचा कप, आणि या सगळ्यांच्या मध्ये, मानाच्या जागी, बीअरचा एक रिकामा डबा. डब्यावर रेनकोट घातलेलं एक झोपाळू अस्वल. बीअरचं नाव काय आहे ते काका कधी घेत नाहीत. ते म्हणतात, "अस्वल."

केदार त्यांचा एकुलता एक मुलगा. मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवते, नववीला तो माझ्याच वर्गात होता. हुशार, पण तोंडात मिठाची गुळणी. बापलेकांत बोलणं असं नव्हतंच. काकांचं मराठी रत्नागिरीचं, ठसठशीत. पोराचं अडखळत, अर्धं इंग्लिश. काकांना बोलायला विषय एकच, मार्क. मध्ये काकू होत्या म्हणून घर बोलतं होतं. त्या बापाचं लेकाला सांगायच्या, लेकाचं बापाला. त्या गेल्या आणि ती लाइनच कट झाली. केदार तोवर अमेरिकेत स्थिरावला होता, लग्नही झालं होतं. फोन व्हायचा तो रविवारी. "बरा आहेस ना?" "हो, तुम्ही?" "बरा आहे. हवा कशी आहे?" खलास.

काकू गेल्यावर काका एकदाच त्याच्याकडे जाऊन आले. तिथल्या एका संध्याकाळची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी त्या बाल्कनीत नव्हते हे मलाच खरं वाटत नाही.

"सूनबाई कामावर होती. आम्ही दोघे बाल्कनीत. काय बोलायचं सुचेना. तो आत गेला, हा डबा घेऊन आला. म्हणाला, बाबा, ट्राय करा. मी जन्मात घेतली नव्हती, वहिनी. पण म्हटलं, पोरगं देतंय. अर्धा ग्लास घेतला. बघतो तर गढूळ! म्हटलं, खराब झालीये, परत दे दुकानात. तर हसला. हसला हो तो! म्हणाला, बाबा, अशीच असते ही, मुद्दाम करतात. मग घोट घेतला, आणि तोंडात आंबा. संत्रं. पपनस. यातलं काही एक घातलेलं नाही त्यात, नुसती वेलीची फुलं. मला तो अर्धा ग्लास शेवटपर्यंत पुरला. तो आपला डब्यामागून डबे उघडत होता, आणि बोलत होता. दोन तास बोलला. आईबद्दल. शाळेबद्दल. तुमचीसुद्धा आठवण काढली. म्हणाला, मी तुम्हाला फार घाबरायचो, बाबा. मी म्हटलं, मी पण तुला."

इथे काका नेहमी थांबतात आणि चष्मा पुसतात. मग म्हणतात, "गढूळ, पण चोख."

निघताना त्यांनी तो रिकामा डबा धुतला, मोज्यात घातला आणि बॅगेतून मस्कतला आणला. आजही येता-जाता शोकेस उघडून त्यात नाक घालतात. आता कसला वास येणार त्याला? पत्र्याचा. पण ते म्हणतात, येतो.

त्यानंतर केदारचे फोन पुन्हा हवेवर आले. मग तर ते रविवारही मधूनमधून चुकायला लागले. आणि मग गेल्या वर्षी कधीतरी कळलं की तो पुढच्या डिसेंबरात येणार आहे. एकटाच, आठवडाभर. ते कळलं त्याच आठवड्यात काकांनी बार्ली भिजत घातली.

डिसेंबरपर्यंत अस्वल जमलं पाहिजे. केदारच्या हातात अस्वलाचा ग्लास द्यायचा, आणि बाल्कनीत बसायचं. बस, एवढंच. वर्षभर या माणसानं दुसरा विचार केला नाही.

आता कृती सांगते. कुणी करून बघणार असेल तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. बार्लीला मोड आणायचे. कसे? मटकीला आणतो तसे, ओल्या पंचात बांधून. मग ते मोड उन्हात खडखडीत वाळवायचे. मस्कतला उन्हाला काय तोटा! मे महिन्यात आमच्या गच्चीवर डिश अँटेनांच्या मध्ये चादर पसरून काकांनी वाळवण घातलं, आणि साळुंक्यांनी आसपासच्या साळुंक्यांना निरोप धाडला. तर हा माणूस पंचेचाळीस डिग्रीत छत्री उघडून, डोक्याला ओला टॉवेल बांधून राखणीला बसला. खालच्या लोकांना वाटलं एसी दुरुस्त करणारा आहे. एक बाई त्यांना आपला फ्लॅट नंबर सांगून गेली.

मग ते भरडायचं, त्यात ओट्स घालायचे आणि गार पाण्यात भिजवायचं. गार पाण्यानं चव उतरते, साखर फारशी उतरत नाही. मग गाळायचं, उकळायचं, निववायचं, आणि मग ती वेलीची फुलं. हॉप्स म्हणतात त्यांना. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या केलेल्या असतात, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या. त्या दोन दिवस फ्रीजमध्ये मुरवायच्या, पुन्हा गाळायचं आणि सोड्याच्या मशीननं फेस भरायचा. हे एवढं करून वर बेसिनमध्ये ओतायचं, कारण बोट दिसतं!

त्या हॉप्सनी आमच्या घरात महाभारत घडवलं. सुहास ऑफिसच्या कामाला लंडनला निघाला होता. काकांनी त्याला पाकीट आणायला सांगितलं. "वाळकी फुलं आहेत हो, किलोभर." सुहास भोळा सांब. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही वेल गांजाची लांबची बहीण लागते आणि वासानं ते नातं लपत नाही. मस्कतच्या विमानतळावर बॅग उघडली, आणि सुहास म्हणतो, माझ्या नाकाला पहिल्यांदा कळलं की आपण काय आणलंय. कस्टमवाला तरुण पोरगा होता. त्यानं पाकीट नाकाशी धरलं, भुवया वर गेल्या.

"एश हाझा?" हे काय आहे?

"फुलं," सुहास म्हणाला. "माझी नाहीत. शेजाऱ्यांची आहेत."

म्हणजे जगातला प्रत्येक चोर जे म्हणतो तेच! मग वरचा साहेब आला, त्यानं लेबल वाचलं, वास घेतला, फोन केला, पुन्हा वास घेतला. शेवटी विचारलं, याचं करता काय? सुहासच्या तोंडून निघून गेलं, "चहा." साहेब हसला. म्हणाला, माझी आई झोपेसाठी असलंच काहीतरी उकळून पिते. यल्ला, जा. घरी आल्यावर सुहास सरळ समोरच्या दारात गेला, पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मला स्मगलिंगच सांगा, निदान पैसे तरी मिळतील."

काकांनी ऐकलंच नाही. पाकीट फोडून नाक आत घातलं होतं. डोळे मिटलेले. "आहे," म्हणाले. "आंबा आहे यात."

आंब्यावरून त्यांचं आणि हमदुलेभाईंचं कायमचं बिनसलेलं. हमदुलेभाई आमच्या वरच्या मजल्यावरचे. मूळचे राजापूरचे, दूरच्या इब्रा गावच्या बाजारात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान. आठवडाभर तिकडे, गुरुवारी रात्री घरी. दारूचं नाव काढलं तर कानावर हात ठेवणारा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. पण काकांच्या खटाटोपावर त्यांचा जीव. येताना ओट्सचे डबे घेऊन येतात.

"काका, एक सांगू काय? माझ्याकडे हापूसचा पल्प आहे, खास गावचा. दोन चमचे घाला नि ढवळा. झाला ना आंबा? कशाला ओ एवढा जिवाला त्रास?"

काका असे बघतात, जणू कुणी गणपतीला प्लॅस्टिकच्या दूर्वा वाहायला सांगितल्या.

"घालायचा नाही, हमदुले. यायला पाहिजे."

"पण चव तर तीच ना?"

"घातलेला आंबा वेगळा, आलेला वेगळा."

हमदुलेभाई माझ्याकडे बघून डोकं हलवतात. "बामण लई शिकला की असा होतो." काकाही हसतात. मग दोघे मिळून टॉर्च लावून बघतात.

मी चेष्टा करते खरी. पण गुरुवारची ती बेल कशासाठी असते ते मला कळत नव्हतं असं नाही. अहो, वास तर त्यांना स्वतःलाही येतो की! केमिस्टचं नाक आहे. पण घरात दुसरं नाकच नाही. कधी कधी मी मुद्दाम म्हणायची, "काका, आज मला नीट कळत नाहीये, सर्दी झालीये, उद्या परत आणा." मग ते शुक्रवारीही यायचे.

ऑक्टोबरात हवा जरा निवली आणि अस्वलही जमायला लागलं. एका गुरुवारी टॉर्च लावला तर पलीकडे मिट्ट. बोट नाही, उजेड नाही. मी घोट घेतला, आणि देवाशप्पथ सांगते, जिभेच्या कडेला आंबा येऊन गेला. अगदी निसटता, पण आला. मी ओरडलेच.  काका ग्लास घेऊन तसेच दारात उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तो पिईल ना हे?"

"न प्यायला काय झालं? दारू नाही म्हणून नाक मुरडेल फार तर."

"नाही मुरडणार," काका म्हणाले आणि गेले.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी स्फोट झाले.

मी कांदे चिरत होते. फाट! मग पुन्हा फाट! फाट! हमदुलेभाई वरून लुंगी सावरत धावत आले, सुहास दाढीचा अर्धा फेस तोंडावर घेऊन. काकांचं दार उघडंच होतं. आत सगळीकडे काचा. भिंतीवरून, पंख्यावरून, कालनिर्णयावरून फेस ओघळतोय. केदार येण्यापूर्वीची रंगीत तालीम म्हणून काकांनी मोठा घाणा केला होता. फ्रीजमध्ये मावेनात म्हणून अर्ध्या बाटल्या बाहेरच्या कपाटात ठेवल्या होत्या. त्या फुटल्या. घरभर आंबूस, पावाच्या बेकरीसारखा वास.

काकांनी भिंतीवरच्या फेसाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं, आणि मटकन खुर्चीत बसले.

"आंबलंय. वहिनी, हे चढणारं झालंय."

सुहासला हसू आवरेना. "काका, अभिनंदन! शेवटी खरी बीअर जमली."

हमदुलेभाई नाकाला रुमाल लावून दारातच उभे. "तोबा तोबा. पण काका, घाबरू नका ओ. कोण सांगायला जातंय?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.  "हे त्याच्या हातात गेलं असतं म्हणजे?" ते म्हणाले. "मी दिलं असतं. माझ्या हातानं."

मला वाटलं, पोलिसांच्या भीतीनंच म्हणतायत. मी म्हटलं, "अहो काका, फुटल्या बाटल्या, संपलं. कुणाला कळत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. उठले आणि फ्रीज उघडला. तिथल्या बाटल्या धड होत्या, गार होत्या, ऑक्टोबरासारख्याच मिट्ट गढूळ होत्या. एकेक उघडून सगळ्या बेसिनमध्ये ओतल्या. मी म्हटलं, अहो, या तर चांगल्या आहेत, तपासून तरी बघा! "शंका आली ना? मग नाही." वर्षभराची मेहनत गटारात गेली. हमदुलेभाईंनी मुकाट्यानं झाडू घेतला आणि काचा गोळा केल्या.

झालं कसं, ते काकांनीच शोधून काढलं. दर शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे आंबोळ्या. काकू असल्यापासूनचा नेम. गुरुवारी पीठ आंबवायला ठेवायचं. आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी अस्वलाचा घाणा मोठा, हातात वेळ कमी, आणि आंबोळीच्या पिठातला डाव नुसता विसळून काकांनी तोच या निवलेल्या पातेल्यात फिरवला होता. पाणी थेंबाथेंबानं तपासणारा माणूस! पण डाव तर घरचाच, काकूंच्या हातचा. घरच्या डावाचा संशय कुणाला येतो?

संध्याकाळी ते तो डाव घेऊन आमच्याकडे आले. "हा तुमच्याकडे ठेवा, वहिनी. केदार जाईपर्यंत माझ्या घरात आंबवलेलं काही नको." त्या दिवसापासून आंबोळ्या बंद. दही बंद. पावसुद्धा बंद. पातेली नवी आली. मग उरलेल्या दिवसांत नव्यानं मोड, नव्यानं वाळवण. या वेळी गच्चीवर छत्रीखाली आम्ही पाळ्या लावल्या. शुक्रवारी हमदुलेभाई बसायचे, तसबीहचे मणी ओढत, आणि मध्येच साळुंक्यांना राजापुरी शिव्या देत.

केदार आला. गुरुवारी दुपारी काकांनी बेल वाजवली. हातात ग्लास नव्हता, पहिल्यांदाच.

"सहाला या दोघेही. अर्धा तास बसा फक्त. जरा सुरुवात करून द्या. मग आमचं आम्ही."

आम्ही गेलो. केदार वाळला होता. दाढीत पांढरे केस. "नमस्ते मॅडम," म्हणून वाकला तेव्हा मला नववीचा तिसरा बाक दिसला. काकांनी बाल्कनीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. समोर जुन्या विमानतळाच्या बाजूचे दिवे लागत होते. मी प्रवासाचं विचारलं, सुहासनं तिकडच्या थंडीचं विचारलं. केदार "हो", "नाही", "ओके" करत होता. काका हवेबद्दल बोलले. मला वाटलं, देवा, हे आठवडाभर कसं काढणार?

मग काका आत गेले आणि ट्रे घेऊन आले. चार ग्लास. गढूळ, पिवळे, वर फेस. शोकेसमधला डबाही त्यांनी ट्रेवर ठेवला होता.

केदारनं अस्वल ओळखलं. आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी बोलता बोलता थांबले. तो खुर्चीत मागे सरकला. हात मांडीखाली घेतले, लहान मुलं घेतात तसे.

"बाबा, मी... ॲक्च्युअली, मला..."

काकांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "यात अल्कोहोल नाही हं," घाईघाईनं म्हणाले. "इथे कायदा कडक आहे, तुला माहितीये. शून्य म्हणजे शून्य. मी स्वतः लॅबमध्ये तपासलंय. काल आणि आज. दोनदा."

केदार ग्लासाकडे बघत राहिला. मग बापाकडे. "पूर्ण झीरो?"

"पूर्ण."

त्यानं ग्लास उचलला. वास घेतला, आधी वास. मग एक घोट. काकांनी मोबाइल काढला, उगाचच टॉर्च लावला, ग्लासाकडे न्यायचा विसरले. 

"बाबा," केदार म्हणाला, "हे अजिबात तसं नाहीये."

आणि हसला. मग काका हसले. मग सुहास असा हसला की त्याला ठसका लागला. केदारनं दुसरा घोट घेतला. "पण गढूळ आहे," म्हणाला. "तुम्ही? गढूळ?" आणि पुन्हा हसला.

अर्धा तास झाला होता. मी सुहासला खूण केली. काका आम्हाला सोडायला दारापर्यंत आले. सुहास पुढे गेला. माझा स्वभाव आडवा, राहवलं नाही. हळूच म्हटलं, "काका, खरं सांगू का? एवढ्या आटापिट्यापेक्षा लायसन असलेल्या हॉटेलात नेऊन पाजली असतीत की एखादी. खरी."

तेवढ्यात आतून केदारचा आवाज आला. "बाबा? तुम्ही येता का? मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

काका जागच्या जागी थांबले. टॉर्च चालूच होता, त्यांच्या स्वतःच्या चपलांवर उजेड पडला होता.

"मला माहितीये ते," ते माझ्याशी पुटपुटले. "पिणं हाताबाहेर गेलं होतं त्याचं. नोकरी गेली. सूनबाई सोडून गेली, जाता जाता तिनंच मला फोन करून सांगितलं. मग तो हॉस्पिटलात राहिला, दारू सोडली. वर्ष होऊन गेलं. मला यातलं अक्षर बोललेला नाही."

 वर्षभर आम्ही या माणसाच्या शून्यावर हसत होतो.

"आणि मी, वहिनी, त्या बाल्कनीत बसून त्यानं किती डबे उघडले ते बघितलंच नाही. मी आपला खूश. पोरगा बोलतोय म्हणून." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मग वाटायचं, बोलला ते दारूनं बोलला. ती काढून घेतली तर माझ्याशी बोलेल का हा? का पुन्हा हवाच?"

"मग एवढे दिवस विचारलं का नाहीत त्याला?"

"घालायचं नाही," काका म्हणाले. "यायला पाहिजे."

आतून पुन्हा हाक आली. काकांनी सदऱ्याच्या टोकानं तोंड पुसलं, मला हातानंच "जा" म्हटलं आणि दार लोटून घेतलं. मी आमच्या दाराशी किल्ली शोधत उभी राहिले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा, नेहमीपेक्षा हळू.

"बोल, बाळा."